शेकडा कशाचा

माझ्या थोरल्या बहिणीला राग लवकर येतो, असं लोक म्हणतात. लवकर यायला तो मुळात कुठे गेलेला असावा लागतो. ताईचा राग तिच्या घरातच राहतो. सकाळी तिच्याबरोबर उठतो, तिच्याबरोबर शाळेत जातो, आणि कधीकधी तिच्याआधी घरी येतो, म्हणजे ती गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिच्या चपलांच्या आवाजावरून माझा नवरा म्हणतो, "आज शाळेत कोणाचं तरी काही खरं नव्हतं."

आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी, नवरा आणि आमची लेक, वरच्या खोलीत ताई. ती नववी-दहावीला गणित शिकवायची. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे लोकांची दुखणी ऐकून घ्यायची मला सवय आहे. ताईचं दुखणं मी जेवताना ऐकायची. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कोणी विचारलं तर ती शांतपणे "तुम्ही का केलंत?" असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहते.

या रागाचं मूळ कुठे आहे, ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मी त्याच शाळेत दोन वर्गांनी मागे होते. ताईच्या वर्गाला सरांनी दिवसभराच्या तापमानाचा आलेख काढायला सांगितला होता. व्हरांड्यात तापमापक टांगला होता, दर दोन तासांनी मुलांनी जाऊन आकडा लिहून आणायचा. दुपारी दोन नोंदींच्या मधेच एक जोराची सर आली. हवा एकदम गार पडली. मग ऊन आलं, सगळं वाळलं, आणि पुढची नोंद घेईपर्यंत पारा पुन्हा वर चढलेला होता. मुलांनी बिंदू मांडले, पट्टीने जोडले. ताईने हात वर केला आणि विचारलं, "सर, या रेषेत पाऊस कुठे आहे?"

सर हसले. सर हसले म्हणून वर्ग हसला. शाळा संपेपर्यंत तिचं नाव 'पाऊसवाली' पडलं. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले, "सर सांगतात तसं जोडायचं. उगाच फाटे फोडू नयेत." रात्री अंथरुणात ती मला म्हणाली, "त्यांना येत नव्हतं गं. येत नाही म्हणाले असते, तर मी सोडून दिलं असतं. हसले का?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. दोन बिंदू म्हणजे आपण जिथे पाहिलं त्या दोन जागा. मधे आपण पाहिलेलंच नाही. तिथे रेषा ओढणं म्हणजे 'मधे असंच झालं असणार' असं म्हणणं, आणि ते कशाच्या जोरावर म्हणता, हे विचारायचा अधिकार सातवीतल्या पोरीलाही आहे. पुढे गणिताची बाई झाल्यावर तिने हा एक प्रश्न दातात धरून ठेवला.

तिच्या शिकवण्याबद्दल मला माझ्या लेकीकडून कळायचं. ती नववीत ताईच्याच वर्गात होती. घरी मावशी म्हणायची आणि शाळेत बाई. चूक झाली की मावशीपणाची सूट मिळायची नाही, उलट दोन शब्द जास्त बसायचे. आलेखांचा धडा आला, की ताई घरातल्या बाटल्या, फुलदाण्या, काचेचे कंदील पिशवीत भरून शाळेत न्यायची. माझ्या दुकानातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही तिने सोडल्या नाहीत. मुलांनी भांड्यात एकेक कप पाणी ओतायचं, दर कपानंतर पट्टी धरून पाण्याची उंची मोजायची आणि कागदावर बिंदू टाकायचा. सरळसोट डब्यात बिंदू एका रेषेत येतात. बूड रुंद आणि गळा निमुळता असलेल्या बाटलीत पाणी आधी सावकाश चढतं, मग भराभर. बिंदू वर वळत जातात. वाडग्यात नेमकं उलटं.

तरी दरवर्षी कोणीतरी पट्टी घेऊन बाटलीचे बिंदू सरळ रेषांनी जोडायचंच. मग ताई ती पट्टी काढून घ्यायची आणि म्हणायची, "मधे काय झालं, तू पाहिलंस?"

"नाही, बाई."

"मग बघ. अर्धा कप ओत."

पोरगं अर्धा कप ओतायचं, मोजायचं, बिंदू टाकायचं. तो बिंदू त्याच्या सरळ रेषेच्या खाली यायचा. पुन्हा पाव कप. तोही खाली. असं करत करत पोरगं स्वतःच पट्टी बाजूला ठेवायचं आणि हाताने वळण काढायचं. माझी लेक म्हणाली होती, "मावशी तेव्हा एक शब्द बोलत नाही. फक्त उभी राहते. आपल्याला कळलं ना, की तिचा चेहरा असा होतो, जसं काही तिलाच आत्ता कळलं."

शाळेला मात्र हे आवडायचं नाही. शिपाई ओल्या फरशीची तक्रार करायचा. मुख्याध्यापक नेहमी कडक इस्त्रीत असायचे आणि आवाजही इस्त्री केल्यासारखा. ते तिला बोलावून म्हणायचे, "बाई, या धड्याला गुण किती? आकार पाठ करून घ्या. वर्गाच्या पदाचं चिन्ह अधिक असेल तर वाटी सुलटी, उणे असेल तर पालथी. झालं. बाकीचा वेळ बीजगणिताला द्या."

"आणि वाटी का होते, ते?"

"ते पेपरात विचारत नाहीत."

हे वाक्य ती घरी येऊन रागाने इतक्या वेळा म्हणून दाखवायची, की माझी लेक भांडी घासायला सांगितली की म्हणायची, "ते पेपरात विचारत नाहीत." ताई सोडून सगळे हसायचे.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं, की फाटकासमोरच्या भिंतीवर शाळेच्या दहावीच्या निकालाचा मोठा आलेख रंगवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. काम अर्थातच ताईकडे आलं. तिने मोठ्या कागदावर व्यवस्थित आलेख काढून दिला. उभ्या अक्षावर शून्यापासून शंभरपर्यंत टक्के, आडव्यावर वर्षं. निकाल एक्याण्णव टक्क्यांवरून सत्त्याण्णववर गेला होता. रेषा डोक्याशी, जवळजवळ आडवी, किंचित वर कललेली.

मुख्याध्यापकांनी कागद लांब धरून पाहिला. "बाई, हा तर झोपलाय."

"निकाल चांगलाच आहे, सर. आधीही चांगला होता. म्हणून आडवा दिसतो."

"चढ दिसला पाहिजे."

"जेवढा आहे तेवढा दिसतोय."

ते हसले, कागद ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात पेंटर आला. ताई शाळेत शिरली तेव्हा तो शिडीवर उभा राहून लाल रंगात रेषा ओढत होता, आणि ती रेषा डोंगर चढल्यासारखी भिंतीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली होती. उभा अक्ष नव्वदपासून सुरू केलेला. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: गणित विभाग.

"हे कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"साहेबांनी," पेंटर शिडीवरूनच म्हणाला. "मला काय, सांगाल तसा उतार. उतार नाही, चढ."

ती तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. तिथे काय झालं, ते तिने जेवताना सांगितलं. म्हणजे जेवण बाजूलाच राहिलं. ती म्हणाली होती, की खालचं 'गणित विभाग' पुसा, नाहीतर अक्ष शून्यापासून घ्या. त्यावर ते म्हणाले, "एक तरी आकडा खोटा आहे का त्यात?"

"आणि नाहीये," ताई मला म्हणाली. "एकही आकडा खोटा नाही. सगळे खरे आकडे घेऊन खोटं बोलता येतं, आणि ते माझ्या नावावर बोललेत."

माझा नवरा तिला शांत करायला म्हणाला, "जाऊ द्या ना ताई. भिंतीकडे कोण बघतंय?"

"तेच तर," ती म्हणाली. "कोणी बघत नाही, याच भरवशावर काढलाय तो."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला गृहपाठ दिला. फाटकासमोरची भिंत नीट बघून या, आणि त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते सांगा. बस, एवढंच. मुलांना अक्षाची गोष्ट पटकन सापडली. "बाई, शून्यच नाही," असं पाच-सहा जणांनी एकदम सांगितलं. तिने त्यांच्याकडून तोच आलेख शून्यापासून काढून घेतला, डोंगराचं सपाट मैदान झालेलं दाखवलं. ती खूश झाली. तिच्या मते धडा तिथे संपला होता.

तो संपला नाही, तो पेंगुळमुळे. पेंगुळ म्हणजे मागच्या बाकावरची एक मुलगी. पहाटे आईबरोबर घरोघरी वर्तमानपत्रं टाकून शाळेत यायची आणि तिसऱ्या तासाला तिची मान पडायची, म्हणून हे नाव. ती काही हुशार वगैरे नव्हती. गणितात काठावर पास व्हायची. पण त्या दिवशी ती जागी होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, शेकडा सत्त्याण्णव पास झाले, हे कळलं. पण शेकडा कशाचा?"

"म्हणजे?"

"परीक्षेला बसले त्यांचा ना? मग बसलेच नाहीत त्यांचं काय? माझा दादा नववीत होता इथे. दहावीच्या आधी त्याला म्हणाले, बाहेरून फॉर्म भर. तो पास होणाऱ्यांत नाही आणि नापास होणाऱ्यांतही नाही. मग तो कुठल्या अक्षावर येतो?"

वर्गात कोणी हसलं नाही. माझी लेक घरी येऊन म्हणाली, "मावशीने हातातला खडू खाली ठेवला."

शाळेच्या लांब व्हरांड्यात दरवर्षीचे वर्गाचे फोटो चौकटीत टांगलेले आहेत, नववीचे आणि दहावीचे. मुलं रोज त्यांच्याखालून जातात. ताईने वर्गाला तिथे नेलं. नववीचे चेहरे मोजायचे, मग तीच तुकडी पुढच्या वर्षी दहावीत गेली त्या फोटोतले मोजायचे. नववीच्या फोटोत दरवर्षी साधारण तेवढीच गर्दी. दहावीच्या फोटोत मागच्या रांगा वर्षागणिक विरळ होत गेलेल्या. ताज्या फोटोत तर मागे भिंतच दिसत होती.

मुलं लगेच बोलायला लागली, तेव्हा ताईने त्यांना गप्प केलं. "फोटोच्या दिवशी कोणी आजारी असेल. कोणी घर बदललं असेल. मधे काय झालं, ते आपण पाहिलंय का? नाही ना. मग आधी विचारून या."

मुलांनी विचारलं. कोणाचा भाऊ, कोणाची शेजारीण, कोणाचा आत्तेभाऊ. थोडे दुसरीकडे राहायला गेले होते, एकजण खरंच फोटोच्या दिवशी तापाने पडलेला होता. बाकी सगळ्यांना नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून तेच सांगितलं होतं: तुला झेपणार नाही, बाहेरून बस, शाळेचा निकाल बिघडवू नकोस. त्यातले निम्म्याहून जास्त कधी बसलेच नाहीत.

मग पेंगुळने आलेख काढला. शून्यापासून शंभरपर्यंत. एक रेषा भिंतीवरची. दुसरी तिने स्वतः हिशेब करून काढलेली: नववीतल्या शंभर मुलांमागे पुढच्या वर्षी याच शाळेतून पास झालेली किती. पहिली किंचित वर जात होती. दुसरी सत्त्याऐंशीवरून सत्तरवर आली होती. ताईने हिशेब दोनदा तपासला, एका ठिकाणची भागाकाराची चूक दाखवली, आणि कागद वर्गाच्या फलकावर लावला.

दोन दिवसांनी मुख्याध्यापक वर्गात आले, तो कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि पेंगुळला खोलीत बोलावलं. ताई दहावीच्या तासावर होती. तिला कळून ती धावत गेली, तेव्हा पोरगी टेबलासमोर उभी होती आणि मुख्याध्यापक त्याच इस्त्रीच्या आवाजात तिला म्हणत होते, "तुझेही गुण काठावरच आहेत ना? पुढच्या वर्षी तुझाही विचार करावा लागेल."

ताई दारातच थांबली. "सर, काय म्हणालात?"

"बाई, हे आमचं चाललंय."

"तिला शिकवलं मी. कागद लावला मी. तुम्ही चौदा वर्षांच्या पोरीला काय म्हणालात, ते मला सांगा."

"तुम्ही मुलांना शाळेविरुद्ध भडकवताय."

"मी त्यांना भागाकार शिकवलाय," ताई म्हणाली. "छेद बघायला शिकवलंय. तुम्हाला तो लपवायचाय, त्याला मी काय करू?"

त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती पेंगुळचा हात धरून बाहेर गेली.

त्या दिवशी ती घरी आली, तेव्हा चपलांचा आवाज झाला नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. मला तिच्या आरडाओरड्याची सवय होती. या गप्प बसण्याची मला भीती वाटली. शेवटी ती म्हणाली, "मी तिथे इतकी वर्षं काम करतेय. दरवर्षी दहावीच्या वर्गात जाते, समोर कमी मुलं दिसतात, आणि मला सांगतात, शाळा सोडून गेली. मीही मान हलवते. एका पेंगणाऱ्या पोरीला दिसलं ते."

"तुला कोणी खरं सांगितलंच नाही," मी म्हणाले.

"मी विचारलंही नाही," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

पालकसभा त्यानंतरच्या शनिवारी होती. मी लेकीची आई म्हणून गेले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. सभागृह गच्च भरलं होतं. मुख्याध्यापकांनी पडद्यावर लाल रेषा दाखवली, यशाची चढती कमान वगैरे बोलले. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या असतील, सवयीने. मग ते म्हणाले, "काही प्रश्न?" आणि बाजूला शिक्षकांच्या खुर्च्यांमधून ताई उभी राहिली.

तिचा आवाज वर्गात असतो तसा होता. "ही रेषा अशीच राहू द्या, सर. काढू नका. पालकांनो, एक मिनिट. ही रेषा वर जातेय, दिसतंय सगळ्यांना. आता मला सांगा, नव्वदच्या खालचा भाग कुठे गेला?"

एक-दोघे हसले. कोणीतरी म्हणालं, "कापलाय."

"कापलाय. बरं. आता दुसरा प्रश्न. यात कोण आहे? जे दहावीला या शाळेतून बसले ते. जे नववीपर्यंत इथे होते आणि ज्यांना बसू दिलं नाही, ते यात नाहीत. ते धरले तर ही रेषा खाली येते. किती खाली, ते नववीच्या मुलांनी काढलंय. तो कागद सरांच्या खिशात आहे."

मुख्याध्यापक म्हणाले, "ही जागा नाही, बाई. खाली बसा."

ती बसली नाही. संस्थेचे एक सदस्य पुढच्या रांगेतून उठले आणि तिच्या खुर्चीकडे यायला लागले. मला उठावंसं वाटत होतं, पण त्याआधी मागून एक बाई उठली. पेंगुळची आई होती. हातात अजून वर्तमानपत्रांची कापडी पिशवी. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, ती नुसती मुख्याध्यापकांकडे बघून म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, मुलगा घरी अभ्यास करेल, पुढच्या वर्षी आरामात निघेल. घरी कोण शिकवणार होतं त्याला? मी? मला आलं असतं तर तुमच्या शाळेत कशाला घातला असता?"

मग एका कोपऱ्यातून, "आमच्या मुलीलाही हेच सांगितलं." मग दुसऱ्या कोपऱ्यातून. एक म्हातारे गृहस्थ नातवाबद्दल बोलायला लागले आणि रागाने मधेच थांबले. ते काठी फरशीवर आपटत राहिले. आपल्या एकट्याच्या घरी ही नाचक्की झाली, असं प्रत्येकाला वाटत होतं. म्हणून कोणी कोणाजवळ बोललं नव्हतं. मुख्याध्यापक हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणत होते, आणि त्यांच्या मागे पडद्यावर ती रेषा तशीच चढत होती. पडदा बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आता पुढे काय झालं, ते सांगते, आणि ते सांगताना मलाच राग येतो.

संस्थेची बैठक झाली. भिंतीवर चुना फिरवला. इथून पुढे कोणालाही बाहेरून बसायला सांगायचं नाही, असं ठरलं. मुख्याध्यापकांच्या केसालाही धक्का लागला नाही; 'समज देण्यात आली' म्हणे. आणि ताईला पाचवीच्या वर्गांवर टाकलं. कारण दिलं, की लहान मुलांना अनुभवी शिक्षकाची गरज आहे. माझा नवरा म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी." ताई म्हणाली, "मी संन्यासी नाही. आणि पाचवी म्हणजे फाशी नाही. पाचवीतल्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

पुढच्या वर्षी नववीतली सगळी मुलं दहावीला बसली. निकाल ऐंशीच्या आसपास आला. आणि सभेत इतरांच्या बाजूने उठून उभे राहिलेल्यांतलेच दोन पालक मला दुकानात येऊन म्हणाले, की तुमच्या ताईंच्या आगाऊपणामुळे शाळेचं नाव खाली आलं. एक तर म्हणाला, "थोडी चाळणी लागतेच हो." त्याची मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती. मी त्याच्या खोकल्याचं औषध काउंटरवर ठेवलं आणि त्याला म्हणाले, "तुमच्या मुलीला नववीत असंच चाळलं असतं, तर?" तो म्हणाला, तिचं तसं काही नव्हतं. मी हे ताईला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं.

पेंगुळ पास झाली. शेकडा एक्कावन्न. गणितात त्याहून थोडे जास्त. पेढे-बिढे काही नाही. ती आईबरोबर आमच्या दारात आली, ताईच्या पाया पडायला वाकली, आणि ताई तिच्यावर ओरडली, की पाया कसल्या पडतेस, पुढे काय शिकणार ते सांग. मुलीने सांगितलं, की तिला नर्सिंगला जायचंय. "रात्रपाळी असते," ताई म्हणाली. "तिथे पेंगलीस तर माणूस मरेल." ती पोरगी हसली. ताईही हसली, पण जरा उशिरा.

राहिला तिचा दादा. तो मोठ्या रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात काम करत होता. ताई एक दिवस तिथे गेली. तो ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघत होता. ती म्हणाली, "परीक्षेला बसायचं."

"आता कशाला, बाई? काम चांगलं चाललंय."

"काम कर. परीक्षेलाही बस."

"मला नाही येत ते."

"तुला येत नाही, हे कोणी सांगितलं? तुझी परीक्षा झाली का?"

त्याने ट्यूब पुन्हा टबात बुडवली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुकानाचा मालक वैतागला, म्हणाला, "बाई, गाडी नाही, सायकल नाही, तुम्ही रोज पंक्चर काढायला येता का?" शेवटी त्या मुलाने, तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून असेल, फॉर्म भरला. रविवारी दुपारी तो आमच्या जिन्यावर येऊन बसायचा आणि ताई त्याला शिकवायची. मला वरून आवाज ऐकू यायचा. ती त्याच्यावरही चिडायची. हळू घेणं तिच्या स्वभावात नाही. एकदा तोही चिडला, वही फेकून निघून गेला, आणि पुढच्या रविवारी वही न आणताच आला. तिने त्याला नवी वही दिली.

आलेखाच्या धड्याला तिने त्याला बाटली दिली आणि पाणी ओतायला सांगितलं. तो म्हणाला, "मला कळतं ते, नुसता कागद द्या." ती म्हणाली, "कळत असेल तर ओतायला काय जातं?" त्याने ओतलं. पट्टी धरून मोजलं. तिसऱ्या-चौथ्या कपाला तो स्वतःशीच म्हणाला, "गळ्याशी आलं की सुटतं पाणी." मी दारात उभी होते. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाक." तिला कोणाला चहा द्यावासा वाटणं, ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

निकाल लागला, तेव्हा तो गणितात सुटला होता. चांगले गुण होते. भाषेत मात्र नापास झाला.

ताईने गुणपत्रिका वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, "त्याला निबंध कोणी शिकवला नाही. इतकी वर्षं शाळेत होता, एक निबंध कोणी धड शिकवला नाही." मग तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"भाषेच्या बाईंकडे. त्या याच गल्लीत राहतात ना मागे? रविवार मोकळे असतात त्यांचे, मला माहीत आहे."

"ताई, त्यांच्याशी जरा गोडीत बोल."

"बोलते की," ती म्हणाली, आणि ती फाटकातून बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. अर्ध्या तासाने ती परत आली, तेव्हा तिच्या पाठोपाठ भाषेच्या बाई होत्या. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण हातात निबंधांचं पुस्तक होतं.